पार्कूरच्या अधिकृत मान्यतेचा वाद

पार्कूर हा धावणे, उडी मारणे, चढणे व लोळण घेणे अशा हालचालींनी, कोणत्याही साधनाविना, वाटेतील अडथळे पार करण्याचा क्रीडाप्रकार आहे. त्याला अधिकृत खेळाची मान्यता मिळावी काय आणि मिळाल्यास त्याचा कारभार कोणाच्या हाती असावा, यावर २०१७ पासून आंतरराष्ट्रीय पातळीवर वाद झाला.

उगम

पॅरिसजवळील लिस, एव्ह्री व सार्सेल या उपनगरांतील तरुणांनी विसाव्या शतकाच्या अखेरच्या दोन दशकांत पार्कूर विकसित केला. दाविद बेल हे त्याचे प्रमुख प्रवर्तक मानले जातात. त्यांचे वडील रेमाँ बेल पॅरिसच्या अग्निशमन दलात होते. फ्रेंच नौदल अधिकारी जॉर्ज एबेर यांनी मांडलेल्या नैसर्गिक व्यायामपद्धतीचा व लष्करी अडथळा-शर्यतींचा प्रभाव या प्रकारावर आहे. पार्कूरला आरंभी गुण, पंच वा पदके नव्हती. स्वतःच्या क्षमतेची ओळख आणि भीतीवर नियंत्रण यांस त्यात महत्त्व होते.

मान्यतेच्या बाजूचे मुद्दे

मान्यता मिळाल्यास सार्वजनिक निधी, शाळांतील प्रवेश, प्रशिक्षकांची प्रमाणित पात्रता आणि विमा यांचा मार्ग सुकर होतो. सार्वजनिक जागी सराव करणाऱ्यांकडे उपद्रवी म्हणून पाहण्याची वृत्तीही त्यामुळे कमी होण्याची शक्यता असते. जानेवारी २०१७ मध्ये ब्रिटनमधील क्रीडा परिषदांनी पार्कूरला खेळ म्हणून मान्यता दिली. अशी मान्यता देणारा तो पहिला देश मानला जातो. तेथे २००९ साली स्थापन झालेली 'पार्कूर यूके' ही पार्कूरपटूंचीच संघटना नियामक संस्था ठरली.

विरोधाचे मुद्दे

स्पर्धेमुळे पार्कूरचे मूळ स्वरूप बदलेल, ठरावीक मैदान व गुणपद्धती आल्यावर परिसराशी असलेले त्याचे नाते तुटेल, असे अनेक पार्कूरपटूंचे मत आहे. मात्र सर्वांचा स्पर्धेला विरोध नव्हता. कंपन्यांनी पुरस्कृत केलेल्या स्पर्धा २००७ पासूनच होत होत्या. अधिक तीव्र आक्षेप नियंत्रणाविषयी होता. आंतरराष्ट्रीय स्तरावर सामान्यतः एका खेळासाठी एकच महासंघ मान्य केला जातो. त्यामुळे ती जागा दुसऱ्या संस्थेने घेतल्यास नियम, निधी व प्रतिनिधित्व यांवरील पार्कूरपटूंचा अधिकार कमी होतो.

जिम्नॅस्टिक्स महासंघाशी संघर्ष

२०१७ मध्ये आंतरराष्ट्रीय जिम्नॅस्टिक्स महासंघाने पार्कूरवर आधारित नवा प्रकार विकसित करण्याचे जाहीर केले. दाविद बेल आणि यामाकासी गटाचे एक संस्थापक शार्ल पेरिएर यांनी आरंभी महासंघासोबत काम केले. याउलट 'पार्कूर यूके'ने जाहीर पत्राद्वारे हे अतिक्रमण असल्याची टीका केली. त्याच वर्षी काही राष्ट्रीय संघटनांनी 'पार्कूर अर्थ' ही स्वतंत्र जागतिक संस्था स्थापन केली. विरोध कायम असतानाही डिसेंबर २०१८ मध्ये बाकू येथील अधिवेशनात महासंघाने पार्कूरला आपल्या क्रीडाप्रकारांत सामावून घेतले.

महासंघाची पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा महासाथीमुळे लांबली आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये टोकियो येथे झाली. त्याच वर्षी बर्मिंगहॅम (अलाबामा) येथील जागतिक क्रीडास्पर्धांत पार्कूरचा समावेश होता. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये मात्र त्याला स्थान मिळाले नाही.

पूर्वीची उदाहरणे

स्नोबोर्डिंगचा १९९८ च्या नागानो हिवाळी ऑलिंपिकमध्ये समावेश झाला, तेव्हा त्याचे नियंत्रण स्नोबोर्डपटूंच्या महासंघाऐवजी स्की महासंघाकडे देण्यात आले. नॉर्वेचे आघाडीचे खेळाडू तेर्ये होकन्सन यांनी त्यावर बहिष्कार घातला. पुढे २००२ मध्ये स्नोबोर्डपटूंचा महासंघ बंद पडला. स्केटबोर्डिंगमध्ये २०१७ साली खेळाचा महासंघ व रोलर क्रीडा महासंघ यांचे विलीनीकरण होऊन 'वर्ल्ड स्केट' ही संस्था निर्माण झाली. टोकियो ऑलिंपिकमध्ये हा खेळ तिच्या अधिपत्याखाली खेळला गेला.

महत्त्व

ब्रिटनमध्ये पार्कूरपटूंच्या संघटनेने स्वतः मान्यता मिळवली, तर आंतरराष्ट्रीय स्तरावर ती अन्य खेळाच्या महासंघामार्फत आली. त्यामुळे मान्यता घ्यावी की नाही या प्रश्नाइतकाच, ती कोणी व कोणत्या अटींवर मागावी हा प्रश्न या वादात निर्णायक ठरला. मान्यतेचा विचार करणाऱ्या अन्य नवोदित खेळांपुढेही हाच प्रश्न उभा राहतो. स्वतःची प्रातिनिधिक संघटना वेळेत उभी न राहिल्यास तो निर्णय इतरांच्या हाती जाऊ शकतो.