कापसाचा चुकारा आणि रोख प्रवाहाचा हिशोब

१९७१ च्या कायद्यान्वये महाराष्ट्रात १९७२-७३ पासून कापूस एकाधिकार खरेदी योजना अमलात आली. अमरावती-अकोल्याच्या शेतकऱ्यापुढे तिच्यात भावाइतकाच रोखीचा प्रश्न होता. केंद्रावर कापूस मोजून दिला की विक्री पूर्ण होई. चुकारा मात्र अनेकदा हप्त्यांनी, उशिरा मिळे. समजा, वर्षाचा नफा १०,००० रुपये. येणे चुकारा ६,००० रुपयांनी आणि खत-बियाण्याची उधारी १,००० रुपयांनी वाढली. येण्यातील वाढ वजा करून देण्यातील वाढ मिळविली, तर हाती रोख उरते ५,००० रुपये. लेखा मानक ३ (सुधारित १९९७) हिलाच अप्रत्यक्ष पद्धत म्हणते. मृगाच्या पेरणीला लागे ती हीच रोख. चुकारा अडकला की, वहीत नफा असूनही, शेतकऱ्याला सावकाराचे दार गाठावे लागे.