बंब धावता ठेवावा का?

दिल्लीत चाणक्यपुरीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात एक जुना आगीचा बंब आहे. इंग्लंडच्या जॉन मॉरिस कंपनीने तो १९१४ साली बांधला. पुढे तो निजामाच्या रेल्वेकडे होता. भरीव रबरी टायरांची ही गाडी व्हिंटेज रॅलीतही धावली आहे.

असा बंब चालता ठेवायचा तर झिजलेले भाग बदलावे लागतात. प्रत्येक भागाबरोबर थोडा इतिहास निघून जातो. उलट, नुसता रंगवून उभा केला तर इंजिन गंजतं आणि ते चालवण्याची विद्याही विसरली जाते. माझं मत विचाराल तर बंब चालवावा. मात्र काढलेला भाग जपून ठेवावा आणि नव्या भागावर साल कोरावं. म्हणजे मूळ कोणतं आणि दुरुस्ती कोणती, हे पुढच्यांना कळेल.