शिंप्याचे घरटे

श्रोतेहो, पावसाच्या तोंडावर मालवणात गडग्यालगतची झुडपे छाटायची घाई असते. शिंपी पक्ष्याचे शिवणकामही याच सुमारास जोरात येते.

१७६९ साली पेनंट या वेल्श पंडिताने त्याचे वर्णन छापले. हिंदुस्थान त्याने कधी पाहिला नव्हता. हा पक्षी वाळके पान हिरव्याला शिवतो, असे त्याने लिहिले. मालवणच्या परसात मात्र निराळेच दिसते. मादी जास्वंदीची पाने फांदीवर हिरवी असतानाच चोचीने टोचते आणि कापसाचे, कोळिष्टकाचे तंतू त्यांतून ओवते. गाठ मारीत नाही. तंतूचे पिंजलेले टोकच टाका धरून ठेवते. पान हिरवे, म्हणूनच घर लपते. आत तीन-चार अंडी!

तेव्हा मंडळी, कोयती चालवण्याआधी जरा वाकून बघा.