शिकारीचा नकाशा

1920 च्या दशकात ब्रिटिश वायुदलाची विमानं कैरोहून बगदादला टपाल न्यायची. वाटेत पूर्व जॉर्डनचं काळ्या लाव्हाचं पठार लागे. तिथे वैमानिकांना खाली दगडांच्या रेषा दिसू लागल्या. दोन लांबलचक रेषा जवळ जवळ येत एका बंदिस्त आवाराला जाऊन मिळायच्या. पर्सी मेटलंड या वैमानिकाने 1927 मध्ये 'अँटिक्विटी' या नियतकालिकात त्यांच्याविषयी लिहिलं. आकारावरून 'पतंग' हे नाव पडलं आणि तेच टिकलं.

हे गुरांचे वाडे की शिकारीचे सापळे, हा वाद पुढे अनेक दशकं चालला. खरं तर उत्तर शंभर वर्षं आधीच लिहून ठेवलेलं होतं. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला सीरियात हिंडणाऱ्या योहान लुडविग बुर्कहार्टने बदाऊ भटक्यांच्या शिकारीचं वर्णन केलं आहे: दगडी कुंपण, त्यात ठेवलेली खिंडारं, खिंडारांपलीकडे खड्डे आणि त्यांत कोसळणारी चिंकाऱ्याच्या जातीची हरणं. गेल्या काही वर्षांत पुरातत्त्वज्ञांनी पतंगांच्या कडेच्या गोल खोल्या खणल्या, तेव्हा तिथे खरोखरच खड्डे निघाले. काही तर चार मीटरपर्यंत खोल.

या सापळ्याची आखणी बघत राहावी अशी आहे. रेषा काही ठिकाणी कित्येक किलोमीटर जातात, पण भिंत बहुतेक जागी बुटकी. हरणाला ती सहज ओलांडता येईल. तरी बिथरलेला कळप भिंतीच्या कडेकडेने पळत राहतो, हे बांधणाऱ्यांना ठाऊक होतं. आवार पुष्कळदा चढाच्या पलीकडे, उतारावर असतं. माथा ओलांडेपर्यंत कळपाला पुढचं काहीच दिसत नाही, आणि दिसतं तेव्हा मागे हाकेकरी असतात. आपल्याकडच्या हाक्याच्या शिकारीतही माणसं अशीच पेरावी लागत. इथे त्यांतल्या कित्येकांचं काम दगड करत होते. म्हणजे शिकारीची खरी मेहनत शिकारीच्या दिवसाआधी, कळपांच्या वाटा आणि जमिनीचा उतार वाचण्यात व्हायची.

पण एवढं मोठं बांधकाम जमिनीवर उभं राहून एका नजरेत मावत नाही. मग ते बांधणाऱ्यांना पूर्ण दिसलं कसं? 2023 मध्ये पुरातत्त्वज्ञ रेमी क्रासार आणि सहकाऱ्यांनी 'प्लॉस वन'मध्ये प्रसिद्ध केलेल्या कोरीवकामामुळे याचा उलगडा होऊ लागला. जॉर्डनच्या जिबाल अल-खशाबिया इथे सुमारे 80 सेंटिमीटर लांबीचा, 92 किलो वजनाचा दगड सापडला. त्याच्यावर पतंग कोरलेला आहे: रेषा, आवार आणि खड्ड्यांच्या जागी वाटीसारखे खळगे. वय सुमारे 7,000 वर्षं. सौदी अरेबियातल्या जबल अझ-झिल्लियातच्या शिळेवर दोन पतंग शेजारी शेजारी आहेत; ते सुमारे 8,000 वर्षांपूर्वीचे. जवळच्या प्रत्यक्ष पतंगांशी ताडून पाहिल्यावर ही चित्रं प्रमाणात काढलेली निघाली, एक अंदाजे 1:425 आणि दुसरं 1:175. मेसोपोटेमियातल्या लगशचा राजा गुडिया मांडीवर वास्तूचा आराखडा घेऊन बसलेला आहे, तो पुतळा इ.स.पू. 2100 च्या आसपासचा. त्याच्याही हजारो वर्षं आधी प्रमाणबद्ध आराखडा तयार झाला होता, आणि तो शिकारीच्या सापळ्याचा होता.

हे आराखडे बांधकामासाठी होते, की शिकारीआधी कोणी कुठे उभं राहायचं ते समजावण्यासाठी? मला दुसरी शक्यता अधिक पटते. दगडावर खड्डे इतक्या काळजीने दाखवले आहेत, आणि हाकेकऱ्याला नेमकं तेच माहीत असायला हवं. लिपी अजून जन्मायची होती, अशा काळात एका माणसाच्या डोक्यातला बेत साऱ्या टोळीपर्यंत पोचवण्याचं हे साधन माझ्या लेखी चाकाच्या तोडीचं आहे.

विसाव्या शतकात बंदुका आणि मोटारी आल्या आणि या मुलखातले हरणांचे कळप झपाट्याने आटले. पतंगांनाही रस्त्यांनी आणि बुलडोझरनी तोडलं आहे. तरीही अरबस्तानापासून कझाकस्तानपर्यंत हजारो शिल्लक आहेत. मोबाइलवर उपग्रह नकाशा उघडा आणि जॉर्डनमधल्या अझराकच्या ईशान्येला, साफावीच्या आसपासच्या काळ्या पठारावर सावकाश फिरा. दोन रेषा एकत्र येताना दिसल्या की त्यांच्या टोकापर्यंत जरूर जा.