गाढी नदीचा पूर कागदात कुठे शोधायचा?

विचुंब्याजवळून वाहणाऱ्या गाढीचा इतिहास लिहायला घेतलात, तर पहिली अडचण ग्रंथालयातच येते. पनवेल आज रायगडात, म्हणून तुम्ही कुलाबा जिल्ह्याचं १८८३ चं गॅझेटियर काढणार. पण पनवेल तालुक्याचं वर्णन आहे ते १८८२ च्या ठाणे गॅझेटियरमध्ये! तालुका पुढे कुलाब्यात गेला आणि कुलाब्याचं रायगड झालं ते तर १९८१ मध्ये. त्यामुळे आधी हद्दी तपासा, मग कपाट उघडा.

आता पुराचं. मध्य युरोपात अभ्यासकाचं काम थोडं सोपं आहे. डॅन्यूबकाठच्या पासाऊ गावात नगरभवनाच्या भिंतीवर पुराच्या खुणा आहेत, अगदी १५०१ च्या पुरापासूनच्या. एल्बेकाठी देचिनला नदीतल्या दगडावर दुष्काळाची वर्षं कोरलीत. त्यात १६१६ आजही वाचता येतं. माथेरानच्या डोंगरातून निघून पनवेलच्या खाडीला मिळणाऱ्या गाढीसाठी आपल्याला महसुली दप्तराकडेच वळावं लागतं.

का? तर १८७९ च्या मुंबई जमीन महसूल कायद्यात नदीने जमीन खाल्ली की सारा कमी करून मिळायची तरतूद होती. सारा कमी म्हणजे नोंद आली. म्हणून फेरफार, जुने गावनकाशे काढा. पण त्यातली मेख बघा: नुकसान निदान अर्धा एकर तरी हवं! म्हणजे ज्याचं पाच-दहा गुंठ्यांचं खाचर वाहून गेलं, तो कागदावर आलाच नाही. सरकारी कागद पूर मोजत नव्हता, वसुली मोजत होता. हे विसरून "नोंद नाही, म्हणजे पूर नाही" असं लिहिलंत तर प्रबंधाचा तो भाग कोसळलाच म्हणून समजा.

आणि हा वाद फक्त प्रबंधापुरता नाही हो. पनवेल परिसरातली गावं २०१३ पासून सिडकोच्या नैना क्षेत्रात येऊ लागली, भातखाचरांच्या जागी इमारती आल्या. बांधकामाला परवानगी देताना पूररेषा बघतात. निळी रेषा पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल शंभर वर्षांतून एकदाच्या. मोजमापांची मालिका तोकडी असेल, तर शंभर वर्षांचा पूर हा हिशोबाने काढलेला अंदाज असतो.

म्हणून काठावरच्या म्हाताऱ्या माणसांशी बोला. २६ जुलै २००५ सगळेच सांगतील. त्याच्या आधीचं विचारा. मात्र "कोणत्या साली?" असं नको. "पाणी कितव्या पायरीला लागलं होतं, आणि तेव्हा तुमचं लग्न झालं होतं का?" असं विचारा. पायरी टेपने मोजा, लग्नाचं साल पत्रिकेवरून काढा.