सातारा प्रांतांतील शिक्षणविचाराचीं पाश्चात्त्य मुळें

सातारा आणि सांगली हीं नांवें उच्चारतांच संशोधकांच्या डोळ्यांपुढें दप्तरें उभीं राहतात. वाईस सांपडलेलीं पानिपतच्या काळचीं पत्रें, मिरजेकडील पटवर्धनी कागद, पारसनिसांनीं साताऱ्यास जमविलेला व सन १९३९ त पुण्यास डेक्कन कॉलेजांत गेलेला संग्रह, यांविषयीं आजवर पुष्कळ लिहिलें गेलें आहे व पुढेंहि लिहिलें जाईल. प्रस्तुत लेखांत आम्हीं जो विषय घेतला आहे त्याचे कागद मोडींत नाहींत, त्यांवर शिक्कामोर्तब नाहीं, आणि बहुधा म्हणूनच ते कोणी फारसे जमविले नाहींत. कृष्णाकांठच्या या प्रदेशांतून जो शिक्षणविचार निघाला, त्याच्या बुडाशीं प्लेटो, मिल्ल, स्पेन्सर, पेन, ड्यूई या परदेशस्थ तत्त्ववेत्त्यांचा विचार कोणत्या वाटेनें येऊन पोंचला, हा तो विषय होय. आमच्या मतें अशा वाटा दोन होत्या. एक ग्रंथाची, दुसरी प्रश्नाची.

ग्रंथाची वाट संस्कृत पाठशाळेवरून जाते, हें ऐकून कित्येकांस नवल वाटेल. साक्रेतीस मराठींत आला तो सन १८५२ त, कृष्णशास्त्री चिपळूणकर यांनीं लिहिलेल्या चरित्रानें. आणि कृष्णशास्त्री हे न्याय व अलंकार पढलेले शास्त्री होते. वाद, जल्प व वितंडा हे भेद ज्यास मुखोद्गत आहेत, त्यास अथेन्सच्या बाजारांत उभें राहून प्रश्नामागून प्रश्न विचारणारा तो म्हातारा अगदीं परका वाटण्याचें कारण नव्हतें. पुढें सन १८९५ च्या सुमारास विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांनीं ‘भाषांतर’ या नांवाचें मासिक चालविलें व त्यांत प्लेटोच्या ‘रिपब्लिक’चें मराठी भाषांतर दिलें. हेच राजवाडे थोडक्याच काळांत वाईच्या कागदांकडे वळले आणि सन १८९८ त ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’ याचा पहिला खंड बाहेर पडला. दप्तरें शोधणारे राजवाडे आपणां सर्वांस ठाऊक आहेत. प्लेटो मराठींत आणणाऱ्या राजवाड्यांची आठवण क्वचितच निघते.

प्लेटोनें त्या ग्रंथांत नगररक्षकांच्या शिक्षणाचा क्रम लावला आहे. बाळपणीं संगीत व व्यायाम, पुढें अंकगणित, भूमिति, ज्योतिष व स्वरशास्त्र, तिशीनंतर पांच वर्षें वादविद्या, आणि पन्नाशी गांठल्यावर खरा अधिकार. रक्षकवर्गांतील स्त्रियांसहि हेंच शिक्षण द्यावें, असें तो स्पष्ट म्हणतो. परंतु ज्यांनीं शेत नांगरावें व चामडें कमवावें, त्यांच्या शिक्षणाविषयीं त्या एवढ्या मोठ्या ग्रंथांत जवळजवळ कांहींच नाहीं. ही उणीव वाचकांनीं ध्यानांत ठेवावी. पुढें तिचें काम पडणार आहे.

कऱ्हाडाजवळचें टेंभू हें गांव आज सांगली जिल्ह्यांतील दुष्काळी तालुक्यांस कृष्णेचें पाणी देणाऱ्या उपसा योजनेमुळें सर्वतोमुखीं झालें आहे. त्या योजनेचें नांव घेणाऱ्यांपैकीं कितीजणांस हें स्मरत असेल, कीं ता. १४ जुलै १८५६ रोजीं गोपाळ गणेश आगरकर यांचा जन्म तेथें झाला? कऱ्हाड, रत्नागिरी, अकोला असे दारिद्र्याचे फेरे घेत आगरकर डेक्कन कॉलेजांत पोंचले, इतिहास व तत्त्वज्ञान हे विषय घेऊन एम. ए. झाले, आणि सरकारी नोकरीचा मार्ग सोडून सन १८८१ त न्यू इंग्लिश स्कुलांत शिक्षक झाले. सन १८८४ त डेक्कन एज्युकेशन सोसायटी, सन १८८५ त फर्ग्युसन कॉलेज, आणि सन १८९२ पासून ता. १७ जून १८९५ रोजीं देहावसान होईपर्यंत त्या कॉलेजाचें प्राचार्यपद, हा क्रम प्रसिद्धच आहे. आमचा मुद्दा त्यांच्या वाचनाचा आहे.

स्पेन्सरचा शिक्षणावरील ग्रंथ सन १८६१ त निघाला. कोणतें ज्ञान सर्वांत मोलाचें, हा त्याचा पहिलाच प्रश्न. मनुष्याचे व्यवहार त्यानें पांच पायऱ्यांवर मांडले: जीव राखणें, उपजीविका, अपत्यसंगोपन, समाज व राज्य यांतील वर्तन, आणि सर्वांत शेवटीं फुरसतीच्या वेळचा रसास्वाद. प्रत्येक पायरीवर खरें उपयोगी तें शास्त्रीय ज्ञान, असा त्याचा निकाल. ग्रीक व लॅटिन यांस त्यानें अंगावरच्या दागिन्याच्या पंक्तीस बसविलें, आणि राजांच्या वंशावळी व लढायांच्या तारखा पाठ करणें निरर्थक ठरविलें. समाज कसा वाढला, लोक काय खात, काय मानीत, कोण कोणावर सत्ता चालवी, हें सांगणारा इतिहास तेवढा त्यास हवा होता. आपल्यांतील बखरींच्या व शकावल्यांच्या अभ्यासकांस हें मत कडू लागेल; पण तें टाकाऊ नाहीं, आणि पुढच्या संशोधकांनीं तें पुष्कळसें आपलेंसें केलें.

मिल्लचें म्हणणें निराळें होतें. सन १८६७ त सेंट अँड्रूज विद्यापीठाचा रेक्टर या नात्यानें त्यानें जें भाषण केलें, त्यांत प्राचीन भाषा शिकवाव्या कीं सृष्टिशास्त्रें, हा वादच त्यानें अमान्य केला. दोन्ही शिकवाव्या, विद्यापीठ ही धंदा शिकण्याची जागा नसून मनुष्य घडविण्याची आहे, आणि परक्या प्राचीन लोकांची भाषा आल्यावांचून आपल्या समजुती ह्या केवळ आपल्याच समजुती आहेत हें कळत नाहीं. जन्मभर संस्कृत शिकविलेल्या आमच्यासारख्यास मिल्ल जवळचा वाटावा, यांत पक्षपात असेल तर तो आम्ही मान्य करितों.

आगरकर हे स्पेन्सरचे शिष्य, असें सरसकट लिहिण्याचा प्रघात आहे. तो आम्हांस पुरता पटत नाहीं. समाजाच्या व्यवहारांत राज्यसत्तेनें हात घालूं नये, लोकशिक्षणाचा भारहि तिनें उचलूं नये, हा स्पेन्सरचा पक्ष होता. सन १८९१ त संमतिवयाच्या कायद्याचा वाद पेटला तेव्हां आगरकर कायद्याच्या बाजूस उभे राहिले. मुलींस मुलग्यांबरोबर बसवून तेंच शिक्षण द्यावें, ही जी मागणी त्यांनीं ‘सुधारक’ पत्रांतून केली, तिचें नातें मिल्लनें सन १८६९ त स्त्रियांच्या पराधीनतेवर लिहिलेल्या ग्रंथाशीं लागतें. विकासाची कल्पना व शास्त्रांची ओढ त्यांनीं स्पेन्सरकडून घेतली; न्यायअन्याय तोलण्याचा कांटा मात्र मिल्लचा होता. ‘सुधारक’ ता. १५ ऑक्टोबर १८८८ रोजीं सुरू झाला. त्याचे अंक अग्रलेखापुरतेच न चाळतां स्पेन्सर व मिल्ल यांपैकीं कोण कोठें बोलतो हें पाहत वाचल्यास हा भेद जागोजाग उघड होईल.

त्याच सन १८८८ त आगरकरांचें एक लहानसें पुस्तक निघालें. त्याकडे तत्त्वज्ञानाचा ग्रंथ म्हणून कोणी पाहत नाहीं, कारण तें व्याकरणाचें आहे. ‘वाक्यमीमांसा’ हें त्याचें नांवच पाहावें. इंग्रजी व्याकरणकारांची वाक्यपृथक्करणाची रीत मराठीस लावून दाखविणें, हा त्याचा विषय. ती रीत मूळ अरिस्टॉटलची: कोणाविषयीं बोलावयाचें तो एक भाग, आणि त्याविषयीं जें सांगावयाचें तो दुसरा. मराठींत या दोहोंस ‘उद्देश्य’ व ‘विधेय’ असे शब्द रूढ झाले, आणि ते जैमिनीच्या शास्त्रांतले आहेत. मीमांसकांच्या मतें उद्देश्य म्हणजे आधींच ठाऊक असलेली वस्तु. विधेय म्हणजे दुसऱ्या कोणत्याहि प्रमाणानें न कळलेलें, वाक्यानेंच नव्यानें सांगितलेलें. दोन्ही कल्पना सर्वस्वीं एक नाहींत. अरिस्टॉटलची दृष्टि गुण आणि गुणी यांकडे, मीमांसकाची दृष्टि आज्ञेकडे. तथापि खेड्यांतील शाळेंत पाटीवर वाक्य लिहून त्याच्या दोन भागांखालीं रेघा ओढणारा मुलगा नकळत अथेन्स व मिथिला या दोन्ही ठिकाणच्या गुरूंचा शिष्य होत आला आहे. पाश्चात्त्य तत्त्वज्ञान आमच्या शिक्षणाचा पाया झालें असें जेव्हां म्हणतात, तेव्हां त्यांतला चुना कोठला होता हें या दोन शब्दांवरून दिसून येतें.

आतां दुसरी वाट. सातारा जिल्ह्यांतील खटाव तालुक्यांत कटगुण हें जोतीराव फुले यांच्या घराण्याचें मूळ गांव. जोतीरावांनीं तरुणपणीं टॉमस पेनचा मनुष्याच्या हक्कांवरील ग्रंथ वाचला. पेन हा कॉलेजांतील तत्त्ववेत्ता नव्हे. अभ्यासक्रमांत त्याचें नांव क्वचितच आढळतें. पण जन्मानें कोणी कोणाचा धनी होत नाहीं, ही त्याची एक गोष्ट जोतीरावांनीं शिक्षणास लावली. सन १८८२ त हंटर कमिशनापुढें निवेदन देतांना त्यांनीं विचारलें तें हेंच, कीं सारा भरतो रयत आणि शिकतो दुसराच, हें कोणत्या न्यायानें? वरच्या वर्गास शिकविलें म्हणजे विद्या आपोआप खालीं झिरपेल, हें सरकारी मत त्यांनीं नाकारलें व बारा वर्षांपर्यंतचें प्राथमिक शिक्षण सक्तीचें करावें अशी मागणी केली. प्लेटोच्या ग्रंथांत जी जागा रिकामी राहिली होती, तेथें हा प्रश्न येऊन बसला.

सन १९१९ हें वर्ष या दृष्टीनें फार बोलकें आहे. त्या वर्षीं सांगली व मिरज यांच्या दरम्यान विश्रामबागेंत डेक्कन एज्युकेशन सोसायटीनें विलिंग्डन कॉलेज काढलें. आगरकरांची परंपरा कृष्णाकांठीं परत आली. त्याच वर्षीं, ता. ४ ऑक्टोबर रोजीं, कऱ्हाडाजवळ काले येथें भाऊराव पाटील यांनीं रयत शिक्षण संस्था स्थापिली. भाऊराव सत्यशोधक विचारांत वाढलेले, किर्लोस्करांचे नांगर विकीत गांवोगांव हिंडलेले. सन १९२४ त त्यांनीं साताऱ्यास सर्व जातींच्या मुलांचें एकच वसतिगृह चालविलें, आणि फीच्या ऐवजीं मुलांचे श्रम घेतले. भाऊरावांनीं मिल्ल वा स्पेन्सर वाचला होता असें ओढूनताणून दाखविण्याचें कांहीं कारण नाहीं. त्यांनीं पेनचा प्रश्न फुल्यांकडून घेतला व त्याचें उत्तर खोरें-कुदळीनें दिलें. एका दिवसाच्या प्रवासाइतक्या अंतरावर, एकाच वर्षीं, एक संस्था शिखराकडून व दुसरी पायथ्याकडून निघाली. कॉलेजानें काय शिकवावें हें पाहिलें, वसतिगृहानें कोणास. इतिहासकारानें यांपैकीं एकीसच ‘तत्त्वज्ञानाधिष्ठित’ म्हणावें व दुसरीस नुसती ‘समाजसेवा’ म्हणून सोडावें, हें आम्हांस मान्य नाहीं.

दोन्ही वाटा जेथें मिळतात तेथील एक कागद सुदैवानें शिल्लक आहे. साताऱ्याच्या सरकारी शाळेच्या, म्हणजे हल्लींच्या प्रतापसिंह हायस्कुलाच्या रजिस्टरांत ता. ७ नोव्हेंबर १९०० रोजीं १९१४ या अनुक्रमांकापुढें भिवा रामजी आंबेडकर या मुलाचें नांव दाखल झालें. सन १९१७ पासून नव्हे, सन २०१७ पासून महाराष्ट्र सरकार तो दिवस ‘विद्यार्थी दिवस’ म्हणून पाळतें. एका ओळीच्या नोंदीस मान मिळावयास शंभरावर वर्षें लागलीं. हाच मुलगा सन १९१३ ते १९१६ या काळांत न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठांत होता व तेथें त्यानें जॉन ड्यूईचीं व्याख्यानें ऐकिलीं. ‘लोकशाही आणि शिक्षण’ या विषयावरील ड्यूईचा ग्रंथ सन १९१६ चाच. सन १९३६ च्या जातिनिर्मूलनावरील निबंधांत डॉ. आंबेडकरांनीं ड्यूईचा उल्लेख आपले गुरु म्हणून केला आणि त्याचाच एक विचार पुढें मांडला: समाजाजवळ पूर्वजांकडून आलेलें सोनें असतें तसा कचराहि असतो; तो सगळाच्या सगळा पुढच्या पिढीच्या माथीं मारणें हें शाळेचें काम नव्हे, निवड करणें हें आहे.

संग्राहकाचा धर्म याच्या नेमका उलट. त्यानें निवड करूं नये. शाळेनें काय निवडलें व काय टाकलें हें पुढें ज्यास तपासावयाचें असेल, त्यास टाकलेलेंहि पाहावयास मिळालें पाहिजे. त्याच रजिस्टराच्या वरखालच्या ओळी आंबेडकरांच्या नांवामुळेंच वांचल्या आहेत, हें विसरूं नये.

परिभाषेच्या बाबतींत वाईचें ऋण मोठें आहे. तेथील प्राज्ञपाठशाळेंत केवलानंद सरस्वतींच्या हाताखालीं तयार झालेले तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांनीं न्यायमीमांसेच्या पायावर उभें राहून युरोपीय तत्त्वज्ञान वाचलें, आणि सन १९६० नंतर मराठी विश्वकोशाचें काम वाईसच चाललें. त्या कोशाचा परिभाषेचा स्वतंत्र खंड पाहिला म्हणजे शंभर वर्षांच्या शिक्षकांनीं घासून गुळगुळीत केलेले शब्द एके ठिकाणीं दिसतात. मात्र ते शब्द ठरण्यापूर्वींच्या धडपडी कोशांत दिसत नाहींत. त्या टिपणवह्यांत असतात.

आणि टिपणवह्या कोण ठेवतो? वासुदेवशास्त्री खरे मिरजेच्या हायस्कुलांत संस्कृत शिकवीत असतांच पटवर्धनांचे कागद वाचीत होते. सन १८९७ पासून निघूं लागलेला त्यांचा ‘ऐतिहासिक लेखसंग्रह’ आपल्या प्रत्येकाच्या कपाटांत आहे. शिक्षकांनीं सरदारांचे कागद वांचविले. शिक्षकांचे कागद वांचविण्यास सरदार येणार नाहींत. सन २०१९ च्या ऑगस्टांत कृष्णेचा पूर सांगलींत शिरला तेव्हां तेथील नगर वाचनालयाचे हजारों ग्रंथ भिजून गेले. घरोघरच्या माळ्यांवरील व तळघरांतील काय गेलें याची मोजदादच झाली नाहीं.

म्हणून आमची संग्राहकांस विनंति अशी, कीं ट्रेनिंग कॉलेजांतील व्याख्यानांच्या वह्या, तर्कशास्त्र व शिक्षणशास्त्र यांच्या जुन्या प्रश्नपत्रिका, ‘भाषांतर’, ‘सुधारक’ यांसारख्या नियतकालिकांचे सुटे अंक, वसतिगृहांचीं हजेरीपत्रकें व जमाखर्च हें सर्व आढळेल तेथें उचलावें. वही कोणाची, कोणत्या गांवची, कोणत्या सालची, हें पहिल्या पानावर पेन्सिलीनें लिहावें. समासांत इंग्रजी संज्ञेपुढें शिक्षकानें कोणता मराठी शब्द लिहिला, तो खोडून दुसरा कोणता घातला, याची यादी वेगळी उतरून घ्यावी, आणि खोडलेला शब्द आधीं वाचावा.