संगणक माउसचे प्रकार

संगणकाचा माउस हे हाताची सपाट पृष्ठभागावरील हालचाल पडद्यावरील दर्शकाच्या हालचालीत रूपांतरित करणारे आदान साधन आहे. हालचाल टिपण्याची पद्धत, कळांची मांडणी, संगणकाशी जोडणी आणि बाह्य आकार या चार बाबींत माउसचे प्रकार एकमेकांपासून वेगळे पडतात. विक्रेते पहिल्या तीन बाबींची आकडेवारी वेष्टनावर ठळक छापतात. दिवसाचे आठ-दहा तास माउस हाताळणाऱ्याच्या मनगटाचा संबंध मात्र मुख्यतः चौथीशी येतो. ठाणे, डोंबिवली, कल्याण अशा खाडीकाठच्या दाट वस्तीच्या शहरांत दमट हवा आणि घरातील अपुरी जागा या दोन गोष्टींचाही निवडीवर परिणाम होतो.

मराठीत माउससाठी 'मूषक' हा शब्द क्वचित लिहिला जातो, पण तो रूढ झाला नाही. 'क्लिक'साठी 'टिचकी' हा शब्द मात्र मराठी संकेतस्थळांवर चांगलाच स्थिरावला आहे.

== उगम ==

डग्लस एंगेलबार्ट यांच्या कल्पनेवरून बिल इंग्लिश यांनी १९६४ मध्ये अमेरिकेतील स्टॅनफर्ड संशोधन संस्थेत पहिला माउस बनवला. लाकडी खोक्याला वर एक कळ आणि खाली परस्परांशी काटकोनात बसवलेली दोन धातूची चाके, एवढीच त्याची रचना होती. ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्को येथे एंगेलबार्ट यांनी त्याचे जाहीर प्रात्यक्षिक दिले आणि १७ नोव्हेंबर १९७० रोजी त्याचे पेटंट मंजूर झाले. माउस घरोघर पोहोचण्यापूर्वीच, १९८७ मध्ये, त्या पेटंटची मुदत संपली. त्यामुळे एंगेलबार्ट यांना या शोधातून स्वामित्वधन मिळाले नाही. १९८१ मधील झेरॉक्स स्टार, १९८३ मधील ॲपल लिसा आणि १९८४ मधील मॅकिंटॉश या संगणकांनी माउस प्रयोगशाळेबाहेर आणला.

== हालचाल टिपण्याच्या पद्धती ==

=== चेंडूचा माउस ===

या प्रकारात रबराचे आवरण असलेला पोलादी चेंडू तळाशी मोकळा फिरतो. त्याला टेकलेले दोन रूळ एकमेकांशी काटकोनात असतात. एक आडवी हालचाल मोजतो, दुसरा उभी. तिसरा लहान रूळ स्प्रिंगच्या दाबाने चेंडू जागेवर धरतो. प्रत्येक मोजणी-रुळाच्या टोकाला खाचा पाडलेली चकती असते. तिच्या आरपार जाणारा अवरक्त प्रकाश चकती फिरताना खंडित होतो आणि त्या खंडांच्या मोजणीवरून अंतर कळते. दिशा कळण्यासाठी दोन प्रकाशग्राहक किंचित अंतराने बसवलेले असतात. कोणता आधी उजळला, यावरून रूळ पुढे फिरला की मागे, ते ठरते.

रचना साधी आणि बुद्धिमान होती, पण तिचा शत्रू धूळ हा होता. टेबलावरचे तंतू, घाम आणि मळ चेंडूबरोबर आत जाऊन रुळांवर काळी वलये तयार होत आणि दर्शक अडखळत, उड्या मारत चाले. कोकणपट्टीच्या दमट हवेत हा थर अधिक चिकट होई. तळाची गोल झाकणी फिरवून चेंडू बाहेर काढणे आणि रुळांवरचा मळ नखाने किंवा टाचणीने खरवडणे, हे संगणक प्रशिक्षण वर्ग आणि सायबर कॅफे येथील नित्याचे काम होते. झाकणी सहज निघत असल्यामुळे मुलांच्या हाती लागलेले चेंडू परत येतीलच, अशी खात्री नसे.

=== प्रकाशीय माउस ===

१९८० च्या सुमारास तयार झालेल्या सुरुवातीच्या प्रकाशीय माउसपैकी स्टीव्ह कर्श यांच्या माउसला रेषांची जाळी छापलेला खास फलक लागत असे. सामान्य टेबलावर चालणारा आणि घरगुती बाजारात रूढ झालेला प्रकाशीय माउस मायक्रोसॉफ्टच्या १९९९ मधील इंटेलिमाउस एक्स्प्लोररपासून ओळखीचा झाला. त्याच्या तळाशी लाल प्रकाश देणारा डायोड, भिंग आणि अतिशय लहान कॅमेरा असतो. कॅमेरा सेकंदाला हजाराहून अधिक छायाचित्रे घेतो आणि आतील प्रक्रियक लागोपाठच्या दोन चित्रांतील खुणा किती सरकल्या, हे मोजतो. हलणारा भाग उरला नसल्याने मळाचा प्रश्न जवळजवळ संपला.

या पद्धतीला पृष्ठभागावर सूक्ष्म का होईना, पण खुणा लागतात. गुळगुळीत चकाकणाऱ्या सनमायकावर आणि काचेच्या टेबलावर तो म्हणूनच चुकतो. अशा वेळी माउस नादुरुस्त ठरवण्यापूर्वी त्याखाली साधा कागद ठेवून पाहणे इष्ट.

=== लेझर माउस ===

लॉजिटेकने २००४ मध्ये एमएक्स १००० हा लेझर माउस आणला. लेझरचा सुसंगत प्रकाश पृष्ठभागाचे अधिक बारीक तपशील दाखवत असल्याने चकाकत्या टेबलांवरही तो सहसा चालतो. काचेवर चालणारे माउस त्यानंतर आले. साध्या प्रकाशीय माउसच्या तुलनेत लेझर प्रत्येक बाबतीत सरस असतो, हा समज मात्र खरा नाही. कापडी फलकावर आजचा चांगला प्रकाशीय संवेदक तितकेच किंवा अधिक अचूक काम करतो.

== डीपीआयचा अर्थ ==

माउस एक इंच सरकवल्यावर तो किती टप्पे मोजतो, ते डीपीआय या आकड्याने सांगितले जाते. पडदा १९२० बिंदू रुंद असेल आणि गतीत सॉफ्टवेअरने फेरफार केला नसेल, तर ८०० डीपीआयचा माउस दर्शकाला एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत नेण्यासाठी २.४ इंच, म्हणजे सुमारे ६ सेंमी सरकवावा लागतो. १६०० डीपीआयवर हेच अंतर निम्मे होते. जागा अरुंद असेल तेथे मोठा आकडा उपयोगी पडतो; बारीक रेखाटनात तोच अडचणीचा ठरतो, कारण हाताचा किंचित कंपही पडद्यावर दिसू लागतो. वेष्टनावरचे दहा-वीस हजारांचे आकडे लेखन, हिशेब किंवा मुद्रणपूर्व कामासाठी निरर्थक आहेत.

== कळा आणि चाक ==

झेरॉक्सच्या संशोधन केंद्रातील आल्टो संगणकाला तीन कळांचा माउस होता. ॲपलने नवख्या माणसाचा गोंधळ टाळण्यासाठी एकच कळ ठेवली. अखेर दोन कळा आणि मध्ये चाक ही मांडणी सर्वमान्य झाली. चाक असलेला माउस १९९६ मधील मायक्रोसॉफ्ट इंटेलिमाउसमुळे लोकप्रिय झाला.

कळेखालील सूक्ष्म स्विचचे धातूचे संपर्कबिंदू झिजले किंवा गंजले की एका टिचकीच्या दोन टिचक्या नोंदल्या जातात. प्रकाशीय माउसमध्ये वारंवार आढळणारा हा बिघाड आहे. स्विच बदलून तो दूर करता येतो, मात्र स्वस्त माउसच्या बाबतीत दुरुस्तीची मजुरी नव्या माउसच्या किमतीला भिडते.

== जोडणी ==

जुने माउस सिरियल पोर्टला, नंतर १९८७ मध्ये आलेल्या पीएस/२ या गोल जोडणीला लावले जात. पुढे तिचा रंग हिरवा ठरला आणि कळफलकाचा जांभळा. दोन्ही सारख्याच आकाराच्या असल्यामुळे त्यांची अदलाबदल सर्रास होई. यूएसबीने हा घोळ मिटवला.

बिनतारी माउस बहुधा २.४ गिगाहर्ट्झ वारंवारितेवर काम करतात. काहींसोबत नखाएवढा ग्राहक येतो, तर काही ब्लूटूथवर चालतात. ग्राहक हरवला की पहिल्या प्रकारचा माउस बहुतेक वेळा निरुपयोगी होतो. दर्शक अधूनमधून थबकत असेल, तर ग्राहकाशेजारी यूएसबी ३ ची हार्ड डिस्क लावलेली आहे का, ते पाहावे. त्या जोडणीतून याच वारंवारितेच्या आसपास विद्युतगोंगाट बाहेर पडतो.

== आकार आणि हाताचे आरोग्य ==

माउस धरण्याच्या तीन पद्धती मानल्या जातात: संपूर्ण तळहात टेकवून, बोटे पंज्यासारखी वाकवून आणि केवळ बोटांच्या टोकांनी. पहिल्या पद्धतीला उंच पाठीचा मोठा माउस मानवतो, तिसरीला लहान व हलका. हातापेक्षा फार लहान माउस दिवसभर चिमटीत धरल्याने बोटे आखडतात. ॲपलचा १९९८ मधील चकतीसारखा गोल माउस दिसायला देखणा होता. तो हातात कोणत्या दिशेला वळला आहे, हे न पाहता कळत नसे आणि त्यावर बरीच टीका झाली.

उभ्या माउसमध्ये हात हस्तांदोलनासारख्या स्थितीत राहतो आणि कोपरापुढील हाताला पीळ पडत नाही. ट्रॅकबॉल हे माउसहून जुने साधन आहे. कॅनडाच्या नौदलासाठी १९५२ मध्ये बनवलेल्या ट्रॅकबॉलमध्ये खेळातला बोलिंगचा चेंडू वापरला होता. त्यात साधन स्थिर राहते, चेंडू फिरतो, म्हणून टेबलावर वीतभर जागाही पुरते. कोणत्याही आकाराने मनगटाचे दुखणे हमखास टळते असे नाही. टेबलाची उंची, कोपराला आधार आणि मधूनमधून विश्रांती यांचा वाटा मोठा असतो. संगणकाच्या लहान टेबलांचा बाहेर सरकणारा फळा केवळ कळफलकाएवढा रुंद असतो, त्यामुळे माउस वरच्या पातळीवर ठेवून हात उचललेल्या स्थितीत काम करावे लागते. महाग माउसने हा दोष दूर होत नाही.

उजव्या हातासाठी वळण दिलेले माउस डावखुऱ्यांना वापरता येत नाहीत. दोन्ही बाजूंनी सारख्या आकाराचा माउस घेऊन प्रणालीतील कळांची अदलाबदल केली की काम भागते. शाळांच्या संगणककक्षांसाठी एकगठ्ठा खरेदी करताना असाच आकार निवडणे न्याय्य आहे.

== ठाणे–कल्याण परिसरातील वापर ==

या शतकाच्या आरंभी महाराष्ट्र ज्ञान महामंडळाने सुरू केलेल्या एमएस-सीआयटी अभ्यासक्रमामुळे राज्यातील असंख्य प्रौढांची माउसशी पहिली ओळख झाली. टंकलेखन यंत्रावर हात बसलेल्यांना कळफलक परका वाटत नसे. न पाहता हात हलवून पडद्यावर नेमके ठिकाण गाठणे हेच अवघड जाई. विंडोजमधील पत्त्यांचा सॉलिटेअर हा खेळ धरून-ओढण्याचा उत्तम सराव देई.

सुट्या भागांसाठी या शहरांतील ग्राहक आणि दुकानदार दीर्घकाळ मुंबईच्या लॅमिंग्टन रस्त्यावर, म्हणजे डॉ. भडकमकर मार्गावर अवलंबून होते. दादरला गाडी बदलून ग्रँट रोडला उतरण्याची ही फेरी ऑनलाइन विक्रीमुळे बरीच कमी झाली आहे.

२०२० च्या टाळेबंदीत एकाच खोलीत कोणाचे कार्यालय आणि कोणाची शाळा भरू लागली, तेव्हा आवाज न करणाऱ्या कळांचे महत्त्व लक्षात आले. अशा माउसच्या स्विचमध्ये धातूचा 'टक' आवाज दाबलेला असतो. त्या बदल्यात बोटाला जाणवणारा प्रतिसाद थोडा मऊ होतो. लोकलने ये-जा करणाऱ्यांना पिशवीत मावणारा चपटा बिनतारी माउस सोयीचा वाटतो, तथापि तो रोजच्या आठ तासांच्या कामासाठी योग्य नाही.

खाडीकाठच्या हवेत माउसच्या पाठीवरील मऊ रबरी लेपाचे आयुष्य कमी असते. काही वर्षांत हा लेप विघटित होऊन चिकट बनतो आणि पुसूनही चिकटपणा जात नाही. साध्या खरखरीत प्लास्टिकच्या पाठीला हा त्रास होत नाही. बिनतारी माउस पावसाळ्यात दीर्घकाळ बंद ठेवायचा असल्यास आतील सेल काढून ठेवावेत. सेल पाझरल्यास संपर्कपट्ट्या गंजतात. निकामी माउस हा ई-कचरा असल्याने तो घरगुती कचऱ्यात न टाकता अधिकृत संकलकाकडे देणे अपेक्षित आहे.